दार वाजवाची दवा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पलंगावर पाय लांब करून पडले होते. दुकान बंद केलं तरी पाय संध्याकाळी दुखायचे काही सोडत नाहीत. दुकान कायमचं बंद झाल्याचं पायांना कुणी कळवलेलं दिसत नाही. संपादक आमच्या आमगावचेच, शाळेत असताना माझ्याच काउंटरवरून खिळे न्यायचे. म्हणाले, भाभी, यंदा अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा. तो गंज सोडवायचा फवारा असतो ना, त्याचे घरगुती उपयोग लिहा, लोकांना फार आवडतं. मी म्हटलं, लोक ते मोबाइलवर रोज बघतात. एक माणूस डबा हातात घेऊन उभा असतो आणि घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर फवारत सुटतो. त्यात मी काय भर घालणार. ते म्हणाले, तुमच्याकडे आमच्या इथली माणसं आहेत.

माणसं आहेत हे खरं. हलकंफुलकं मात्र जमलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी हा डबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वीतभर उंचीचा पत्र्याचा डबा, वर बटण, सोबत एक बारीक नळी. ती नळी घरी नेल्याबरोबर हरवते. गोंदियाचे व्यापारी त्याला ‘जंग का स्प्रे’ म्हणतात. खेड्यापाड्यातून येणारी गिऱ्हाइकं कंपनीचं नाव घेत नाहीत, बोट दाबल्याची खूण करतात आणि म्हणतात, ‘ते फुसफुस द्या.’ मीही पुढेपुढे मालाची ऑर्डर देताना फुसफुस म्हणू लागले. समोरच्या व्यापाऱ्याला कळायचं.

आत पातळ तेल असतं आणि ते तेल फटीत घुसवणारं, रॉकेलच्या जातीचं काहीतरी असतं. ते गंजात शिरतं, ओल बाहेर ढकलतं, जाम झालेला नट सोडवतं आणि बहुतेक उडून जातं. मागे उरतो तो तेलाचा पुसट थर. म्हणजे सोडवायचं काम ते करतं, चालवायचं नाही. एकदा सुटलं की वरून खरं तेल किंवा ग्रीस द्यावंच लागतं. नाही दिलं तर काही दिवसांनी वस्तू आधीपेक्षा जास्त कुरकुरते, कारण आत जे काही जुनं वंगण होतं तेही या फवाऱ्याने धुऊन नेलेलं असतं. शिलाई मशीनमध्ये मारून बायका माझ्याकडे भांडायला यायच्या ते यामुळेच. ‘आधी सोडवा, मग वंगण द्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की ऐकणारा ऐकतोय की नाही हे पाहायचंही पुढे सोडून दिलं.

दुकान आमच्या ह्यांचं. ह्यांची कंबर धरली म्हणून मी चार दिवस काउंटरवर बसले. ते चार दिवस काही संपले नाहीत. कंबर सुधारली तेव्हा ह्यांना मागे गोदामात बसून हिशेब करायची गोडी लागली होती आणि गिऱ्हाइकांना भाभीची सवय झाली होती. मला कशाची गोडी आहे हे विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती. मीही ते कधी काढलं नाही.

तर फुसफुसचे उपयोग. सडक अर्जुनीकडे महामार्गावर एका माणसाचा ढाबा होता. तो सरळ गुडघ्यांवर मारायचा. सकाळी भट्टी पेटवायच्या आधी पायजमा वर करून दोन्ही गुडघ्यांवर फुस्स करायचा. मी सांगितलं, भाऊ, हे आग पकडतं आणि तुम्ही दिवसभर भट्टीपुढे उभे राहता, कातडीही खराब होईल. तो म्हणाला, "भाभी, लोहा खुलता है तो घुटना काहे नहीं खुलेगा?" मी त्याला डबा द्यायचंच बंद केलं. त्याने दुसऱ्या दुकानातून नेला, आणि महिन्याभराने मुद्दाम माझ्याकडे येऊन सांगून गेला की त्यांच्या मालात तुमच्या मालासारखा दम नाही.

फणसाच्या दिवसांत बायका न्यायच्या. विळीला बसलेला चीक याने झटकन सुटतो, हे खरं आहे. पण नंतर विळी राखेने, साबणाने घासून घ्यायची असते हे पुढचं वाक्य ऐकायला थांबतो कोण. एका घरी त्याच विळीवर लगेच वांगी चिरली गेली आणि सगळ्यांनी ट्रकच्या वासाची भाजी खाल्ली. सासऱ्यांनी काही न बोलता दोनदा वाढून घेतली म्हणे. त्या घरात एरवी भाजी कशी होत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

लग्नाच्या दिवसांत सुजलेल्या बोटातली अंगठी काढायला लोक येत. पालीवर मारायला नेत. नव्या स्टीलच्या ताटावरची चिकटपट्टी काढायला नेत, त्याला मात्र ते खरंच उत्तम. आणि दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, नाटकं होतात, तेव्हा नाटकवाली पोरं पडद्याच्या कप्पीसाठी न्यायची. एका गावात त्यांनी दुपारीच कप्पीवर सगळा डबा रिकामा केला. तालमीत पडदा असा सुटला की नायिकेचं काम करणारी बाई नागपूरहून आलेली, ती पडद्याखाली बसूनच म्हणाली की एकतर कप्पी बदला नाहीतर मला गाडीत बसवून द्या.

हे सगळे उलटेसुलटे उपयोग. मी चिडायचे, बडबडायचे, पण त्यातून कुणाचं फारसं वाईट झालं नाही. वाईट व्हायची वेळ आली ती एकदाच, आणि ती जो माणूस डबा अगदी बरोबर कामासाठी घेऊन गेला त्याच्या घरी.

त्याचं नाव भोजराज. आमगावच्या जवळच्या एका गावचा, ट्रक चालवायचा. गाडीवर गेला की कितीतरी दिवस घरी नसायचा. पावसाळा लागला तेव्हा तो दुकानात आला आणि म्हणाला, बाहेरचं दार करकरते, त्याले काही द्या. मला इतकं बरं वाटलं. गुडघा नाही, फणस नाही, पाल नाही, करकरणारं दार. ज्यासाठी ही वस्तू जन्माला आली ते काम घेऊन एक माणूस समोर उभा होता. मी त्याला सगळं नीट सांगितलं. कब्जा, म्हणजे बिजागरी, तिची पिन ठोकून काढ, फवारा मार, काळं पाणी गळेल ते पुस, आणि मग आत ग्रीस भर, तरच टिकेल. ग्रीसची डबीही त्याने नेली. दुसऱ्या दिवशी गाडीवर जाताना मुद्दाम थांबून सांगून गेला, "एकदम मस्त झालं, भाभी. आता आवाजच नाही." माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं म्हणून मी त्या दिवशी खुशीत होते.

रोवणे सुरू झाले, म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत दुकानात चिटपाखरू नसतं, सगळं गाव बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाकलेलं असतं. अशा एका दुपारी एक बाई आली. पायांना पोटरीपर्यंत वाळलेला चिखल, डोळे लाल. काउंटरला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, दार वाजवाची दवा हाय का?"

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. दार वाजतं त्याची दवा ना, असं विचारत मी फुसफुसकडे हात नेला.

"नाही," ती म्हणाली. "वाजत नाही, त्याची."

ती भोजराजची बायको, रमशीला. मी तिला आत बोलावून पोत्यांवर बसवलं, चहा दिला. चहा पिता पिताच तिची मान दोनदा खाली गेली. मग तिने सांगितलं ते असं.

घरात भोजराजची आई, धुरपताबाई. तिचं सगळं आयुष्य रोवण्यात गेलेलं, लोकांच्या बांध्यांमध्ये. आता तिला विसर पडत चालला होता. सून कोण, लेक कोण, हे कधी आठवायचं, कधी नाही. पण पहाटे रोवण्याला जायचं असतं हे ती विसरली नव्हती. अंधारात उठायची, लुगडं खोचायची आणि बाहेरचं दार उघडायची. ते दार उघडताना इतकं करकरायचं की रमशीलाला जाग यायची. पण रमशीला उठून जाईपर्यंत बुढी आपणहून मागे फिरलेली असायची.

"काऊन?" मी विचारलं.

"दार वाजला का तिले वाटते कोनी आला," रमशीला म्हणाली. "मंग ते मांगं फिरते, पानी आनाले."

आमच्याकडे घरी कुणी आलं की आधी पाण्याचा गडवा पुढे करतात. आलेला माणूस पाणी पिईपर्यंत काही बोलायचंही नसतं. धुरपताबाईने ते जन्मभर केलेलं. दार तिनेच उघडलेलं असायचं, पण आवाज कानावर पडला की कुणीतरी उन्हातानातून चालत आलंय असंच तिला वाटायचं. मग रोवणा बाजूला राहायचा. ती आत जाऊन गडवा भरायची आणि दारात धरून उभी राहायची. रमशीला उठून तो गडवा हातात घ्यायची, दोन घोट प्यायची, आणि बुढी समाधानाने जाऊन निजायची. रोजचंच होतं. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं रमशीलाला वाटलं नव्हतं. नवरा चार दिवसांसाठी घरी येतो, त्याच्यापुढे त्याच्या आईचं रडगाणं कशाला, म्हणून त्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की पहाटे दार करकरतं आणि बायकोची झोपमोड होते.

दार गप्प झालं आणि काही दिवसांतच बुढी एका पहाटे निघून गेली. कुणी आलं नाही, तर ती कशासाठी मागे फिरणार. उजाडल्यावर रमशीलाला अंथरूण रिकामं दिसलं. गाव उठलं, सगळ्या बांध्या पाहून झाल्या, शेवटी ती सापडली गावाबाहेरच्या बोडीत. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून गवताच्या पेंढ्या धूत होती, रोवण्याआधी रोपांच्या मुळांचा चिखल धुतात तशी. बोडीतला गाळ त्याच उन्हाळ्यात उपसलेला. ती उभी होती त्याच्या पुढे एकदम खोल होतं. आपल्याला आणायला आलेल्या माणसांवर ती रागावली, कायले हाका मारून राहिले म्हणाली, अजून अर्धी बांधी बाकी आहे.

तेव्हापासून रमशीला रात्रीची उंबरठ्याला आडवी निजत होती आणि दिवसा दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये रोवण्याला जात होती. म्हणजे निजत नव्हतीच.

मी म्हटलं, बाहेरून कडी घाल. ती म्हणाली, घातली होती एक दिवस. बुढीने हात सुजेपर्यंत दार बडवलं. "तिच्याच घरात तिले कोंडू का, बाई?" मी म्हटलं, दाराला घंटा बांध. तेही झालं होतं, बैलाच्या गळ्यातली घंटा. ती वाजली की बुढीला वाटायचं बैलबंडी जुंपली, आपल्याला उशीर झाला, आणि ती जास्तच घाईने निघायची. मी भंगाराच्या टोपल्यातून जुने गंजलेले कब्जे काढले, हे बसव म्हटलं. रमशीलाने एक कब्जा कानाशी धरून उघडमीट करून पाहिला आणि परत ठेवला. हा तो आवाज नाही, म्हणाली.

मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणावर काढावं हे कळत नव्हतं. भोजराजने काही चूक केली नव्हती, आणि मीही नव्हती. नुसता फवारा मारून गेला असता तर हे दार एव्हाना आपसूक करकरायला लागलं असतं. शंभर गिऱ्हाइकांनी न ऐकलेलं माझं वाक्य नेमकं त्याने ऐकलं, ग्रीस भरलं, आणि आता ते दार वर्ष-दोन वर्षं तोंड उघडणार नव्हतं.

ग्रीस. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ग्रीस धुऊन काढायला घरात फुसफुससारखी दुसरी वस्तू नाही.

मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने अशा नजरेने पाहिलं की मला डबा पाठीमागे लपवावासा वाटला. मग मी सांगत गेले. दोन्ही पिना काढ. कब्जात हे भरपूर मार, ग्रीस पातळ होऊन गळेल. फडक्याने पुस, परत मार, परत पुस. लोखंड उघडं पडलं की धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, म्हणजे याचाही थर राहणार नाही. मग मिठाचं पाणी लाव, आणि ओल्याच पिना परत बसव. पुसू नको. रोज थोडं मिठाचं पाणी सोडत जा. हवा पावसाची आहे, गंज आपोआप धरेल. जन्मभर मी लोकांना गंज कसा घालवायचा ते सांगत आले आणि त्या दिवशी एका बाईला गंज कसा आणायचा ते शिकवत होते. ती हसली नाही. मीही हसले नाही. कारण तोच जुना आवाज येईल याची खात्री मला नव्हती, आणि तसं मी तिला सांगितलंही.

निघताना ती नवऱ्याबद्दल म्हणाली, "त्याइले काही सांगू नोका. मनानं केलं त्याइनं."

त्यानंतर ती आली नाही. बरं झालं म्हणून आली नाही की वाईट झालं म्हणून, हे कसं कळणार. रोवणे संपले, दुकानात गर्दी परत सुरू झाली. त्या गावाकडचं कुणी आलं की मी आधी त्याचं तोंड पाहायचे. विचारायची हिंमत व्हायची नाही. भोजराज एकदा ट्रक थांबवून बल्ब घेऊन गेला. दार कसं आहे, असं मी विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. ह्यांच्याजवळ एकदा बोलले, तर ह्यांनी गोदामातूनच सांगितलं की विकलेल्या मालाची इतकी काळजी करू नये. मी तेव्हा इतकी दमलेली होते की भांडलेही नाही.

पोळा झाल्यावर एका सुटीच्या दिवशी मी ऑटो केला आणि त्या गावी गेले. घर विचारत विचारत पोचले. मातीचं घर, पुढे शेणाने सारवलेली ओसरी, आणि ते दार, लोटलेलं. दाराजवळ जाऊन मी उभी राहिले. हात पुढे होईना. इतकी वर्षं दारांचं सामान विकलं, पण दाराची अशी भीती कधी वाटली नव्हती. ते गप्प उघडलं तर आत काय ऐकावं लागेल, हाच विचार. वरच्या कब्जाकडे पाहिलं. तांबूस दिसत होता. पण नुसतं तांबूस दिसण्याला काही अर्थ नसतो.

मी दार ढकललं.

आधी बारीक, मग मध्ये अडखळून, मग शेवटी म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसा तो आवाज झाला. परसातून भांडं टाकल्याचा आवाज आला आणि रमशीला ओल्या हातांनी धावत मधल्या दारापर्यंत आली. मला पाहून तिथेच थांबली. तिने बोटाने फक्त आत दाखवलं.

आतल्या अंधारातून एक म्हातारी हळूहळू चालत येत होती. दोन्ही हातांत पितळी गडवा, पाणी सांडू नये म्हणून नजर त्याच्यावरच. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, गडवा पुढे केला आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बस वो, बाई," ती म्हणाली. "थकली असशीन."

मी थकले असेन, असं मला त्याआधी कुणी म्हटल्याचं आठवत नाही. ती मला ओळखत नव्हती, तिला मी रोवण्यातली कुणी बाई वाटत असेन. तरी मी गडवा दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्याच सगळं पाणी प्याले. रिकामा गडवा परत घ्यायला ती समोर थांबली होती, माझ्यामागच्या उघड्या दाराकडे न पाहता.